एक भगंदर, दोन शहाणे

१२ फेब्रुवारी १९७८, रविवार

आज ट्रस्टने मला खोली दिली. जिन्याखालची. याआधी तिथे मोडक्या खाटा ठेवत असत, आता आयुर्वेद ठेवणार आहेत.

भवानी पेठेतल्या या धर्मादाय रुग्णालयात आजवर फक्त ॲलोपॅथी नांदत आली. पण अध्यक्ष गुरुबसप्पा शेठ यांची मूळव्याध मी गेल्या वर्षी आटोक्यात आणली, आणि तेव्हापासून त्यांना आपल्या प्राचीन शास्त्राबद्दल फार कळवळा वाटू लागला आहे. कळवळा माणसाला नेमका कुठून फुटेल, काही सांगता येत नाही.

मी काशीला दोन महिने राहून क्षारसूत्र शिकून आलो, हे त्यांनी सभेत अभिमानाने सांगितलं. क्षारसूत्र म्हणजे काय, हे एकाही विश्वस्ताने विचारलं नाही. इथे लिहून ठेवतो, निदान माझ्या वहीला तरी कळू दे. भगंदर म्हणजे गुदद्वाराजवळ नळीसारखं पडलेलं, सतत पू गळणारं छिद्र. डॉक्टर ते कापून काढतात, आणि पुष्कळदा ते परत येतं. आम्ही त्या नळीतून औषधाचा धागा ओवून त्याची गाठ मारतो. दर आठवड्याला नवा धागा. धागा थोडं थोडं कापत पुढे सरकतो, आणि मागची जखम भरत येते. घाई नाही, रक्तपात नाही, आरडाओरड नाही. म्हणूनच बहुधा लोकांचा विश्वास बसत नाही.

शेठजींनी अट घातली आहे. आधी एकच रोगी. तो बरा झाला तर खोली कायमची माझी, नाही तर खाटा परत आत.

ईरम्माला सांगितलं तर म्हणाली, "जिन्याखाली का होईना, आत तर घेतलं." बायकोला महत्त्वाकांक्षा नसली की संसार सुखाचा होतो.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला रोगी आला. पाठवला डॉ. नरसय्या येमूल यांनी. येमूल इथले मुख्य सर्जन. तेलुगू विणकराच्या घरात जन्म, मुंबईत शिक्षण, आणि आवाज इतका हळू की भूल देण्याआधीच रोग्याला डुलकी लागावी.

रोग्याचं नाव ज्ञानू. मूळचा सांगोल्याकडचा. घरी मेंढरं आहेत, पण हा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला असतो. मी म्हणालो, "बसा."

"बसता आलं असतं तर हितं कशाला आलो असतो, वैद्यबुवा?"

मला असे रोगी आवडतात. निम्मं निदान तेच करतात.

"किती वेळा कापलं?"

"दोनदा. येकदा तिकडं मिरजंला, येकदा हितं येमूल डाक्टरनी. पुन्यांदा वाहतंयच की. सायकलीवर बूड टेकत न्हाय, हुबा ऱ्हाऊन पायडल मारतो. जेवतो हुबा. बायको म्हनती, घोडं तरी रातच्याला लवंडतंय."

"मालक काय म्हणतो?"

"म्हनतो, पावसाळ्याआदी नीट हून ये, न्हायतर मागावर दुसरा घालतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्ये जाऊ द्या. येमूल डाक्टर म्हनत व्हते, तिसऱ्यांदा कापलं तर पकड जाईल. म्हंजी मला कळायचंच न्हाय, कवा काय झालं ते. वैद्यबुवा, चार मानसांत ऱ्हातो मी. तसलं जिनं नगं मला."

येमूल यांच्या चिठ्ठीतही तेच होतं. नळी खोल गेली आहे, आवळून धरणाऱ्या स्नायूतून गेली आहे, आता सुरी लावली तर ताबा जन्मभरासाठी जाईल, आपण पाहावे. स्वतःला जमलं नाही की दुसऱ्याला 'आपण' म्हणायचं, ही सर्जन लोकांची रीत मला ठाऊक आहे. अपयश माझ्या खोलीत आणून ठेवलं. खाटांच्या जागी.

सिस्टर गिरिजाबाई म्हणाल्या, "डॉक्टरांच्या जिवाला घोर लागलाय हो या माणसाचा. पुस्तकं काढून बसतात."

मी म्हणालो, "येत नसलं की पुस्तक काढावंच लागतं."

२१ फेब्रुवारी, मंगळवार

आज धागा ओवला! वर, येमूल यांच्या ऑपरेशनच्या टेबलावर, कारण माझ्या खोलीत उजेड नाही. येमूल स्वतः दिवा धरून उभे राहिले. पाळत ठेवायला, हे उघड आहे.

"हिरेमठ स्वामी," येमूल मला म्हणाले (जंगमाला इथे सगळे स्वामीच म्हणतात), "जागा सुन्न करायचं इंजेक्शन देऊ का?"

मी म्हणालो, "आमच्या पूर्वजांना इंजेक्शन लागत नव्हतं."

ज्ञानू टेबलावर पाय वर बांधून पडला होता. तिथून म्हणाला, "पूर्वजांना ऱ्हाऊ द्या. मला टोचा की, डाक्टर."

टोचलं. मग मी चांदीची सळई बाहेरच्या तोंडातून घातली. ती अंधारात वाट शोधत जाते. जोर करायचा नसतो, तिला जाऊ द्यायचं असतं. बोटाला आतलं तोंड लागलं, सळई बाहेर आली, मागोमाग धागा. गाठ मारली. रक्त चार थेंबसुद्धा नाही. येमूल यांनी दिवा खाली ठेवला आणि म्हणाले, "सुरेख."

सर्जनच्या तोंडून हा शब्द बाहेर येताना त्यांना किती त्रास झाला असेल! मी मात्र चेहरा साधाच ठेवला. घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

२६ फेब्रुवारी, रविवार

काशीहून आणलेले तयार धागे संपत आले. तिथून लिननचा धागा यायला वेळ लागेल, असं पत्र आलं. मला हसू आलं. सोलापुरात राहून सूत काशीहून मागवायचं? शेजारच्या चादरीच्या कारखान्यातून ताण्याचं, म्हणजे मागावर उभं ताणतात ते सूत आणलं. कडक, गुळगुळीत, तारेसारखं. काशीवाल्यांनी असलं सूत स्वप्नातही पाहिलं नसेल.

ते लाकडी चौकटीवर ताणून लेप देणं सुरू केलं. एकवीस लेप. आधी निवडुंगाचा चीक, मग चिकात आघाड्याचा क्षार, शेवटी चीक आणि हळद. एक वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. हे काम मी कुणावर सोपवत नाही. (चीक पहाटे ईरम्मा काढून आणते. लेपही तीच देते, कारण चिकाने माझ्या बोटांना फोड येतात. पण देखरेख माझी असते, आणि शास्त्रात देखरेखीलाच महत्त्व आहे.)

७ मार्च, मंगळवार

तिसरा धागा. मागचा काढून पाहिला, नळी बोटाच्या पेराएवढी कापली गेली आहे. पू कमी. ज्ञानू म्हणाला, "काल येका मांडीवर बसलो, वैद्यबुवा. येकाच."

पथ्यावरून मात्र वाद झाला. मी शेंगाची चटणी बंद केली.

"शेंगाची चटनी बंद?" तो टेबलावरून उठायला लागला. "मग सोलापुरात ऱ्हायचं कशाला? सांगोल्याला जाऊन मेंढरं राखतो की!"

येमूल दारातून जात होते. ते आत न येताच म्हणाले, "स्वामी म्हणतात ते बरोबर आहे. तिखट बंद."

डॉक्टरने वैद्याच्या पथ्याला दुजोरा दिल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. मनात म्हटलं, येमूल तिखट खात नसणार.

१४ मार्च, मंगळवार

आज सोलापुरी सुताचा पहिला धागा घातला. पिवळाधमक, ताठ. शेठजींना मुद्दाम बोलावून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे चादरही सोलापुरी आणि इलाजही सोलापुरी!" त्यांना वर्तमानपत्रात बातमी द्यायची आहे. मी नको म्हणालो, पण फार जोरात नाही.

१८ मार्च, शनिवार

धागा तुटला.

मायाक्का, ज्ञानूची बायको, सकाळी त्याला रिक्षात पालथा घालून घेऊन आली. अंग तापाने फणफणलेलं. गाठीजवळ सूत कुजल्यासारखं तुटलं होतं, आणि लेप खपल्यांसारखा सुटून आला होता. नळीचं तोंड बुजलं आहे, आत पू कोंडला आहे. खोलीत दाखल करून घेतला. गुग्गुळ दिला, काढा दिला, शेक सुरू केला. उतरेल.

धागा का तुटला कळत नाही. ईरम्माला विचारलं, लेप नीट वाळले होते का. ती म्हणाली, "तुम्ही बघत होतात की." हे खरं आहे.

१९ मार्च, रविवार

उतरला नाही. सूज मांडीपर्यंत आली. दुपारी ज्ञानू विनोद करेनासा झाला. मला तापापेक्षा त्याचीच भीती वाटली.

येमूल वर होते. रविवारीही आले होते, का कोण जाणे. गिरिजाबाई दोनदा माझ्या खोलीत डोकावून गेल्या. मी म्हणालो, "बघतोय मी." बाई बोलल्या नाहीत. गिरिजाबाई गप्प बसल्या की समजावं, काहीतरी चुकतं आहे.

मला काय करायचं ते कळत होतं. चिरून पू काढायला हवा होता, आणि पेनिसिलिन हवं होतं. दोन्ही माझ्याकडे नाही. दोन्ही जिना चढून वर आहे. पण वर जाऊन 'डॉक्टर, या' म्हणणं म्हणजे खोलीत खाटा परत आणणं. मी काढा पुन्हा उकळत ठेवला. हे प्रामाणिकपणे लिहितो आहे. मी काढा उकळत ठेवला, आणि माझ्या मनात ज्ञानू नव्हता, खाटा होत्या.

मायाक्का दारात उभी होती. म्हणाली, "तुमी दोगं मोठं. त्यो वर, तुमी खाली. आनि माजा मानूस जिन्यात."

एवढंच म्हणाली. मी काढ्याखालचा स्टोव्ह बंद केला आणि जिना चढलो.

येमूल यांच्या दाराशी पोचलो, तर माणूस हात धुऊन, एप्रन बांधून तयार. टेबलावर चादर घातलेली, उकळलेली हत्यारं मांडलेली. गिरिजाबाईंनी आधीच सांगितलं असणार. मग स्वतः खाली का नाही आले? मी येऊन सांगेपर्यंत वाट पाहत बसले! घमेंड. दुसरं काय.

मी म्हणालो, "डॉक्टर, माझा रोगी बघायला या."

ते म्हणाले, "तुमचाच आहे, स्वामी. चला."

२० मार्च, सोमवार

ताप उतरला. वाटीभर पू निघाला. पेनिसिलिन सुरू आहे. येमूल यांनी स्नायूला धक्कासुद्धा लावला नाही, हे मान्य करायला हवं. पाऊण तास वाकून उभे होते, जसं कुणी गुंता सोडवतं, एक पदर न तोडता.

एक चूक मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. जखम बांधताना नळीत त्यांचा लिननचा कोरा धागा तसाच राहिला आहे. विसरले! इतका नावाजलेला सर्जन! मी गिरिजाबाईंना हळूच दाखवलं.

त्या म्हणाल्या, "विसरायला काय झालंय? वाट बुजू नये म्हणून मुद्दाम ठेवलाय. पुढे तुम्हाला त्याच वाटेनं धागा नेता यावा म्हणून."

गिरिजाबाई फार भाबड्या आहेत. सर्जन वैद्यासाठी वाट मोकळी ठेवतो, हे मला काशीतसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

२२ मार्च, बुधवार

येमूल माझ्या खोलीत आले. काचेच्या नळीत जपून ठेवलेला माझा न वापरलेला एक धागा काढून बोटांत घेतला. नखाने खरवडला. लेप करवंटीसारखा सुटून आला. मग त्यांनी उलटा पीळ देऊन सूत उकललं आणि अंगठ्यावर घासलं.

"हे ताण्याचं सूत ना, स्वामी?"

"उत्तम सूत आहे."

"उत्तमच आहे. पण खळ धुतली होती का?"

मी काचेच्या नळीचं बूच लावू लागलो.

"मागावर ताणा तुटू नये म्हणून सुताला पिठाची खळ लावतात," येमूल म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता. "तो कडकपणा खळीचा, सुताचा नव्हे. खळ धुतल्याशिवाय सूत रंगसुद्धा पीत नाही, तर तुमचा चीक कसा पिणार? सगळा लेप वरच्यावर बसला. आणि ओलाव्यात खळ सुटली, मग सूतही ढिलं पडलं. अशी चूक मी लहानपणी रंगाच्या हौदापाशी केली होती. आजोबांनी मलाच हौदात बसवलं होतं."

सोलापुरात जन्म काढला. जिथे पोरंसोरं खळ आणि सूत ओळखतात, तिथे मी सूत निवडलं ते चकाकीवर.

येमूल यांनी खिशातून लिननची रीळ काढून टेबलावर ठेवली. ऑपरेशनची, मेण न लावलेली. "याच्यावर लेप द्या. काशीलाही लिननच वापरत असतील."

वापरतात. मी ते सांगितलं नाही. रीळ घेतली. दवाखान्याचा माल आहे, उपकार नाही.

२८ मार्च, मंगळवार

विश्वस्तांची सभा. विषय: ज्ञानूला गळू कुणामुळे झालं. सोलापुरी इलाजाची शेठजींची बातमी गळू व्हायच्या आधीच वर्तमानपत्रात पोचली होती, त्यामुळे त्यांचा प्राचीन शास्त्राबद्दलचा कळवळा जरा ओसरलेला दिसला.

मी भाषण तयार केलं होतं. त्यात दोष, दूष्य, काळ, ऋतू असं सगळं होतं. सूत नव्हतं.

मी उठायच्या आत येमूल उठले. म्हणाले, "जुन्या शस्त्रक्रियेच्या वणात पू राहिला असणार. ती शस्त्रक्रिया मी केली होती. जबाबदारी माझी."

शेठजींच्या तोंडावर सुटकेचा भाव आला. प्रकरण मिटलं होतं. माझी खोली वाचली होती. मी फक्त बसून राहायचं होतं.

आणि मला असा संताप आला! या माणसाने रोगी माझ्याकडे ढकलला, दिवा धरला, धागा ठेवला, सूत शिकवलं, आणि आता माझी चूकसुद्धा मला करू देत नाही? मी ताडकन उठलो.

"खोटं आहे!" म्हणालो. "पू डॉक्टरांचा नाही, माझा आहे. सूत मी चुकीचं घेतलं. खळ मी धुतली नाही. आयुर्वेदाची चूक आयुर्वेदच करील, ती ॲलोपॅथीकडून उसनी घ्यायची वेळ आलेली नाही."

येमूल म्हणाले, "स्वामी, वणात पू असू शकतो."

मी म्हणालो, "असू शकतो, पण नव्हता!"

"तुम्ही आत पाहिलं नाही."

"मी बोट घालून पाहिलंय!"

शेठजींनी टेबलावर हात आपटला. "बसा दोघं! तीस वर्षं ट्रस्ट चालवतोय, 'चूक त्याची' म्हणून भांडलेले शेकडो पाहिले. 'चूक माझी' म्हणून भांडणारे आज पहिल्यांदा पाहतोय." मग मिशीला पीळ देत म्हणाले, "या माणसाचा निकाल लागेपर्यंत खोली राहू द्या. पण स्वामी, इथून पुढे दोघांनी मिळून बघायचं."

जिना उतरताना येमूल हसत होते. हरले म्हणून हसत असतील.

घरी ईरम्माला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, ताट वाढलं, आणि बऱ्याच दिवसांनी न मागता वर तूप वाढलं. कशाबद्दल ते कळलं नाही. सभेत मी हरलो होतो की जिंकलो होतो, हे तिला मी अजून सांगितलंही नव्हतं.

११ एप्रिल, मंगळवार

आज येमूल यांच्या कोऱ्या धाग्याच्या टोकाला माझा नवा धागा बांधला. लिनन त्यांचं, लेप माझा. कोरा धागा हलकेच ओढला आणि त्याच वाटेने माझा पिवळा धागा आत गेला. सळई लागली नाही, टोचावं लागलं नाही. ज्ञानूला कळलंसुद्धा नाही. म्हणाला, "सुरू करा की आता." मी म्हणालो, "झालं."

"झालं? मग मगापासनं दात आवळून का पडलो मी?"

गिरिजाबाई माझ्याकडे पाहत होत्या. 'बघा, सांगितलं नव्हतं?' असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी हात धुवायला गेलो.

२ मे, मंगळवार

ऊन असं की भिंतीला हात लागला तर भाजतो. पण धागा झपाट्याने सरकतो आहे. आणि रोज नवीन वाद.

मी म्हणालो, ज्ञानूला शेकायला बसवतो त्या टबात त्रिफळेचा काढा. येमूल म्हणाले, पोटॅशियम परमँगनेट. मी म्हणालो, जांभळं पाणी बघून रोगी घाबरतो. ते म्हणाले, तुमचं काळं पाणी बघून तरी कुठे हसतो? शेवटी टब त्यांचा, काढा माझा, आणि पाणी किती गरम हे ज्ञानू ठरवतो. जखम धुवायची पद्धत त्यांची. जात्यादि तेलाची पट्टी माझी. साखर तपासायची कल्पना त्यांची, ती थोडी जास्त निघाली. मग पथ्य माझं आणि गोळी त्यांची. परवा एकाने विचारलं, नेमकं औषध कुणाचं चाललंय? मी 'माझं' म्हणालो आणि वरून येमूल यांचा आवाज आला, 'त्यांचं'. मला वाटतं, हा माणूस मला चिडवतो.

आणखी एक. येमूल यांनी आज रबरी हातमोज्यांचा जोड पाठवला, "वहिनींसाठी, चिकाने हात सोलतात." त्यांना कसं कळलं कोण जाणे. लेप मी स्वतः देतो असंच मी सगळीकडे सांगतो. ईरम्माने हातमोजे घालून पाहिले आणि कधी नव्हे ती इतकी हसली की मला तिच्या बोटांकडे नीट पाहावं लागलं. सगळी सोललेली. भांड्यांच्या राखेने असं होत नाही. मी इतके दिवस राख समजत होतो.

उद्यापासून लेप अर्धे मी देईन. फोड आले तर येऊ देत.

२३ मे, मंगळवार

दोन लेप दिले. फोड आले. उरलेले ईरम्मा देते.

६ जून, मंगळवार

धागा आज हातात आला. ओढायला गेलो आणि गाठीसकट सुटून आला. नळी संपली! मागे तांबूस, नवी, कोरडी त्वचा. मी धागा बशीत ठेवला आणि काही वेळ त्याच्याकडेच पाहत राहिलो. येमूलही. आम्ही दोघं काहीच बोललो नाही, हे गिरिजाबाईंना इतकं विचित्र वाटलं की त्यांनी विचारलं, "काही बिघडलं का?"

पकडीची तपासणी आठवडाभराने, असं येमूल म्हणाले. जखम पुरती भरू दे. ज्ञानूने सगळ्यांकडे पाहिलं. म्हणाला, "धागा निघाला, त्ये झालं. पर मला ती पकड हाय का न्हाय त्येच सांगा." त्याला अजून हसू येत नव्हतं. मलाही.

सात दिवस कसे काढायचे कळत नाही. हे वैद्याने लिहू नये, पण लिहिलं.

१३ जून, मंगळवार

सकाळी तपासणी. टेबलावर ज्ञानू. येमूल यांनी हातमोजा चढवला, बोट घातलं.

"आवळ."

मी ज्ञानूच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याचं तोंड लाल झालं.

"आणखी आवळ."

येमूल यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. सर्जनचा चेहरा नेहमी असाच, कोऱ्या भिंतीसारखा. आणि मग हा माणूस, ज्याचा आवाज मी चार महिन्यांत वर चढलेला ऐकला नाही, तो ओरडला. तेलुगूत. काय म्हणाला मला कळलं नाही, पण बाहेरच्या वॉर्डातल्या दोन बायका उठून दारात आल्या.

"पकड आहे!" मग मराठीत. "पक्की आहे! स्वामी, तुम्ही बघा!"

मी पाहिलं. आहे. अशी आहे की मला बोट काढून घ्यायला वेळ लागला.

ज्ञानू म्हणाला, "डाक्टर, सोडू का आता?"

तो कपडे करून बाहेर आला. बाहेर रोग्यांसाठी लाकडी बाक आहे, गादी नाही, फळ्यांमध्ये फटी. ज्ञानू त्याच्यासमोर जरा उभा राहिला. मायाक्का शेजारी, तोंडाला पदर लावून. मग तो बसला. हळूच नाही, एका मांडीवर नाही. धाडकन, सगळं वजन टाकून, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, एखादा पाटील बसावा तसा.

रांगेतले लोक बघायला लागले. माणूस बाकावर बसला यात बघण्यासारखं काय, हे त्यांना कळत नव्हतं, पण ते बघत होते.

गिरिजाबाई आल्या. "ज्ञानू, नंबर नाही तुझा. ऊठ, बाक अडवू नको."

"न्हाय उठत, शिस्टर."

"अरे, घरी जा की आता."

"जातो. सायकलीवरनं जातो, बसून जातो. पर आदी हितं बसू द्या."

येमूल बाहेर आले आणि त्याच्या शेजारी बसले. मग मला हात केला. मी उभा राहणार होतो. अध्यक्ष येणार होते, खोली कायमची मिळाल्याचं सांगायला, आणि वैद्याने असं रांगेत बसणं शोभत नाही. पण बाकावर जागा होती. बसलो.

तिघं बसलो होतो. ज्ञानू समोरच्या भिंतीकडे बघत होता आणि मधूनच जरा हलून पुन्हा नीट बसत होता. मला वाटलं, काशीला पाठवायच्या पत्रात हे लिहावं. मग वाटलं, हे कसं लिहिणार?

तेवढ्यात दारातून एक माणूस आत आला. कुंभारी गावाकडचा असावा, खांद्यावर टॉवेल, चालताना पाय फाकवून टाकत होता. गिरिजाबाईंनी त्याला बाकाच्या रिकाम्या टोकाकडे बोट दाखवलं.

"बसा तिथं."

तो बाकापर्यंत आला. बाकाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि बसला नाही.

येमूल आणि मी एकदमच उठलो. खरं म्हणजे मी आधी उठलो. येमूल हे कबूल करत नाहीत.